कम्युटेटर व भारित असमता : घातांक २ का?

हिल्बर्टचे रूपांतर हे सिंग्युलर समाकल कारकांचे सर्वांत साधे उदाहरण होय. त्यातील १/(क्ष−य) हा गुणक क्ष=य येथे अनंत होतो; धन व ऋण भाग परस्परांस छेद देतात म्हणूनच समाकलास अर्थ प्राप्त होतो. अशा त या कारकाची क्रिया आणि ब या फलनाने गुणणे यांचा क्रम बदलल्याने पडणारा फरक, ब·त(फ) − त(ब·फ), यास कम्युटेटर म्हणतात.

वजाबाकीमुळे हा फरक मूळ कारकाहून सौम्य असावा असे प्रथमदर्शनी वाटते. ब गुळगुळीत असल्यास ते खरेही आहे. परंतु ज्याचे सरासरी दोलन तेवढे मर्यादित आहे असे, म्हणजे बीएमओ वर्गातील, ब घेतले की गोष्ट उलटते. कॉइफमन, रॉखबर्ग व वाइस यांनी १९७६ साली अशा कम्युटेटरांची परिबद्धता सिद्ध केली खरी. तथापि घातांक १ च्या टोकाशी मूळ कारकास लागू पडणारी दुर्बल असमता कम्युटेटरास लागू पडत नाही, हे पेरेझ यांनी १९९५ साली दाखविले.

भार योजला म्हणजे हा उग्रपणा मोजता येतो. प्रत्येक अंतरालावरील भ ची सरासरी आणि १/भ ची सरासरी यांच्या गुणाकाराची कमाल मर्यादा ल मानू. ल सांत असणे, ही मकेनहौप्ट यांची अट होय. भारित वर्ग-समाकलनीय फलनांवर त चा नॉर्म ल च्या पहिल्या घातापलीकडे वाढत नाही (हिटोनेन, २०१२). कम्युटेटरास मात्र ल चा वर्ग लागतो (चुंग, परेरा व पेरेझ, २०१२).

कारण १९७६ च्या निबंधातील युक्तीतच दडलेले आहे. झ ही सदसत् संख्या घेऊन प्रथम ई^(−झब) ने गुणावे, मग त लावावा, नंतर ई^(झब) ने गुणावे. झ=० येथील या कुलाचा अवकलज म्हणजेच कम्युटेटर. कॉशीच्या सूत्राने तो लहान वर्तुळावरील समाकलाने मिळतो व त्रिज्येचा व्यस्त पुढे येतो. वर्तुळावर भार बदलून भ·ई^(२·सत्(झ)·ब) होतो. त्याचा ल मूळच्याच प्रतीचा राहावा यासाठी, जॉन-नीरेनबर्ग असमतेनुसार, त्रिज्या १/ल च्या प्रमाणात घ्यावी लागते. एक ल त्रिज्येचा, दुसरा त चा. क्रिया न वेळा केल्यास घातांक न+१ होतो.

वर्ग टाळता येत नाही. हिल्बर्टच्या रूपांतरासाठी ब = लॉग|क्ष|, भ = |क्ष|^(१−द) आणि (०,१) वर फ = क्ष^(द−१), अन्यत्र शून्य, असे घ्यावे; द लहान असता ल सुमारे १/द असतो. य = क्ष·ट लिहिल्यास (०,१) वर कम्युटेटराचे मूल्य निदान फ गुणिले ∫ ट^(द−१)·लॉग(१/ट) डट, म्हणजे फ/द² इतके येते. लॉगरिदम नसता तोच समाकल केवळ १/द असता.