जुनी फास्ट लेन्स : भंगार नव्हे, माल

आष्ट्यातील आमच्या कापड दुकानाशेजारी एका परिचितांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा मुलांनी कपाटातले जुने कॅमेरे भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकले. त्यात रशियन झेनिट आणि त्यावरची हेलिओस लेन्सही गेली. पुढे मूळजी जेठा मार्केटला माल पाहायला आम्ही मुंबईस गेलो असता चोर बाजारात तशीच लेन्स दिसली. तिची किंमत ऐकून आम्ही गप्पच झालो.

म्हणून या जिनसाची थोडी माहिती घेतली. लेन्सवरचा एफचा आकडा जितका लहान, तितके तिचे तोंड मोठे. एफ ३.५ च्या तुलनेत एफ २ ची लेन्स सुमारे तिप्पट उजेड आत घेते, म्हणून ती फास्ट. १९७५ च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटात नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित झाले, ते झाइसच्या एफ ०.७ लेन्समुळे.

आम्हाला मात्र आमच्याच घरचे उदाहरण जवळचे वाटते. १९८४ साली थोरल्या आपांच्या लग्नात वीज गेली. स्टुडिओवाल्यांनी फ्लॅश न लावता, गॅसबत्तीच्या उजेडात, याच हेलिओसने अम्मींचा फोटो काढला. चेहरा स्पष्ट, कडा मऊ, आणि मागचा मांडव गोल फिरल्यासारखा पुसट. अम्मींचा एवढा चांगला दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

खरे तर हे फिरणे आणि मऊपणा हे लेन्सचे दोषच. हेलिओस ही जर्मन बायोटारच्या धर्तीवर बनलेली, ५८ मिलिमीटर, एफ २ ची. नवी लेन्स कोपऱ्यापर्यंत धारदार असते, पण पॉलिस्टर सुटिंगसारखी सगळीकडे एकसारखी. हातमागाच्या कापडाला सुताच्या गाठीमुळे जो पोत येतो, तो तिच्यात नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या पोताचे. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर साध्या कड्याने ही लेन्स बसते, त्यामुळे मागणीही आहे. फोकस हाताने करावा लागतो, आणि तोंड पूर्ण उघडे ठेवून वऱ्हाडाचा ग्रुप फोटो काढाल तर मागची रांग पुसट येईल, हेही सांगितले पाहिजे.

आता पारख. मागून बॅटरीचा उजेड टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात हा रोग फार. पडद्याच्या पात्यांवर तेल नको, फोकसची कडी जड नको. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा जास्त नडतो. काही जुन्या ताकुमार लेन्सची काच थोरियममुळे पिवळी पडते. ती उन्हात ठेवल्यास बरीच निवळते. विकताना दोष आधी सांगावा, भाव नंतर.

धोतराच्या सोग्याने काच पुसू नये. आमच्या दुकानातल्या मलमलीनेही नको, कारण तिच्यातल्या खळीने आणि धुळीने वरचा थर खरवडतो. चामड्याच्या केसमध्ये ओल धरते, म्हणून लेन्स बाहेर काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी.