इंजिन उघडण्यापूर्वी

सरकारी नोकराच्या बदलीबरोबर जे सामान हलते त्यात मोटार क्वचितच असते, आणि असली तरी ती चाळीस वर्षांची नसते. माझ्या वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी मात्र आमच्याबरोबर मुंबईहून बंगळुरास आली व जयनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरापुढे उभी राहिली. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९४४ साली ती कंपनी काढणाऱ्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी त्याआधी, १९४० साली, याच बंगळुरात विमानांचा कारखाना उभारला होता. तेव्हा ती अगदीच परमुलखात आली असे म्हणवत नाही.

पण येथे आल्यावर तिची ओढ कमी झाली आणि धूर काळा पडू लागला. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आलेली, आणि धुराच्या तपासणीत गाडी नापास! एका गॅरेजवाल्याने सिलिंडर कातून नवे पिस्टन बसवण्याचा सल्ला दिला. त्याने सांगितलेला खर्च ऐकून गाडी भंगारात काढावी असे घरात जवळजवळ ठरले. वडील काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी गाडी नेहमीपेक्षा अधिक वेळ पुसली, एवढेच.

मी यंत्रज्ञ नव्हे, साहित्याचा पदवीधर. तरीही पाने व दाबमापक घेऊन एका रविवारी बसलो. प्रथम स्पार्क प्लग काढले. त्यांवर कोरडी काजळी होती. काजळी ओली व तेलकट असती, तर पिस्टनच्या कड्या झिजून तेल वर येते असा संशय घेता आला असता. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, हवा कमी. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. येथील हवा मुंबईपेक्षा शेकडा आठनऊ भागांनी विरळ. मुंबईच्या हवेला जुळवलेला कार्ब्युरेटर येथे पेट्रोल जास्त देऊ लागला होता. शिवाय हवेची जाळीही धुळीने भरलेली.

तथापि ओढ कमी का? इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, ठिणगीची तार सोडवून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा व एकेका सिलिंडरातला दाब मोजायचा. तीन सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा निघाला. तिसऱ्याचा बराच कमी. आता त्यात चमचाभर इंजिन-ऑइल सोडून पुन्हा मोजले. तेल कड्यांभोवतीची फट तात्पुरती बुजवते; दाब चढला तर दोष कड्यांचा. दाब चढला नाही! शेजारचे सिलिंडर ठीक असल्याने गॅस्केटवरचा संशयही कमी झाला. उरली झडप.

झडपेची दांडी तापली की लांबते. म्हणून तिच्या व रॉकरच्या मध्ये कागदाएवढी फट राखतात. वर्षानुवर्षांच्या आघाताने झडप आपल्या बैठकीत खोल रुतते, दांडी वर सरकते व ती फट नाहीशी होते. मग झडप पुरती मिटतच नाही. तापलेले वायू तेथून निसटतात आणि अखेरीस झडप जळते. वरचे झाकण काढून थंड इंजिनात पातळ पट्ट्यांनी मापले तो तिसऱ्याच्या धूर सोडणाऱ्या झडपेपाशी पट्टी शिरेचना. गाडीच्या पुस्तिकेतले माप धरून आठही झडपा जुळवल्या. ज्या स्क्रूला अर्धा फेरा पुरला, त्यासाठी इंजिन खाली उतरणार होते!

दाब पुरता नव्हे, पण बराच वर आला. झडप जळण्यापूर्वीच सापडली होती. मंद चालीच्या मिश्रणाचा स्क्रू किंचित फिरवला, जाळी नवी घातली. पुढल्या आठवड्यात तपासणीचा दाखला मिळाला. तो वडिलांनी दोनदा वाचला.

आता पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलायच्या आहेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये शेकडा वीस भाग इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. जे. सी. रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानांत त्या मिळतात. येत्या शनिवारी वडिलांना घेऊन जाईन म्हणतो.