‘ला’ कानावर पडताच

तीन वर्षांच्या मुलासमोर पडद्यावर दोन चित्रं आहेत, चेंडू आणि बूट. स्पॅनिशमध्ये चेंडू स्त्रीलिंगी, ‘ला पेलोता’. बूट पुल्लिंगी, ‘एल सापातो’. ‘ला पेलोता’ असं ऐकू येताच मुलाची नजर चटकन चेंडूवर जाते. बुटाच्या जागी बिस्कीट ठेवलं, की तीच नजर जरा रेंगाळते. बिस्कीटही स्त्रीलिंगीच, ‘ला गायेता’. त्यामुळे नुसत्या ‘ला’वरून निवड करता येत नाही. केसी ल्यू-विल्यम्स आणि ॲन फर्नाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली मुलं ३४ ते ४२ महिन्यांची होती, जेमतेम ५०० शब्द बोलणारी.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. चेंडूत कसलं आलंय बाईपण, असं म्हणून व्याकरणातल्या लिंगाला निरुपयोगी ठरवलं जातं. पण लिंग ही खूण वस्तूची नाहीच, शब्दाची आहे. आणि पुढे कोणता शब्द येणार, याची चाहूल ती ऐकणाऱ्याला आधीच देते.

ही खूण ठरली कशी, हे मात्र इतिहासाला विचारावं लागतं. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं होती. स्पॅनिश नामांतून नपुंसकलिंग गेलं आणि त्यातले शब्द उरलेल्या दोन घरांत विखुरले. लॅटिनमधलं ‘फोलिआ’ म्हणजे पानं, नपुंसकलिंगी अनेकवचन. शेवटच्या ‘आ’मुळे लोकांना ते स्त्रीलिंगी एकवचन वाटलं आणि त्यातून ‘ला ओखा’, म्हणजे एक पान, तयार झालं. ‘मानो’ (हात) ‘ओ’कारान्त असूनही स्त्रीलिंगी, कारण लॅटिन ‘मानुस’ स्त्रीलिंगीच होता. ‘प्रोब्लेमा’ ग्रीकमधून आलेला, म्हणून ‘आ’कारान्त असूनही पुल्लिंगी. ‘आग्वा’ (पाणी) तर ‘एल’ लावून फसवतो, पण थंड पाणी म्हणताना ‘एल आग्वा फ्रीआ’ असं स्त्रीलिंगी विशेषणच येतं. हा ‘एल’ म्हणजे लॅटिन ‘इल्ला’ या स्त्रीलिंगी रूपाचाच, आघातयुक्त ‘आ’पुढे आखूड झालेला अवशेष आहे.

मोठेपणी स्पॅनिश शिकलेल्यांना ओळखीच्या शब्दांतही ‘ला’-‘एल’चा तसा फायदा होत नाही, असं याच दोघांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं. मूल ‘लापेलोता’ असा अख्खा तुकडा ऐकत मोठं होतं; आपण वहीत ‘पेलोता = चेंडू’ लिहितो आणि लिंग नंतर पाठ करतो. स्पॅनिश शिकत असाल, तर वहीत एकही नाम ‘एल’ किंवा ‘ला’शिवाय लिहू नका, आणि वाचताना ते जोडीनेच मोठ्याने म्हणा.