चाकांवरून बर्फावर: स्पीड स्केटिंगबद्दलचे काही गैरसमज

सोलापुरात स्केटिंगची पोरं सकाळी सातच्या आत सिमेंटवर उतरतात. उशीर केला तर जमीन तापते. आया गुडघ्याच्या पॅडचे पट्टे आवळून देतात आणि कडेच्या बाकावर बसून राहतात. तिथं हिवाळी ऑलिंपिकचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते थंडीतल्या लोकांचं काम. आपल्याकडं बर्फ कुठाय?"

बर्फ नाही हे खरंच आहे. पण पुढचा निष्कर्ष चुकतो, आणि त्याची किंमत एखाद्या चांगल्या मुलीला मोजावी लागते, म्हणून हे लिहितो आहे.

13 फेब्रुवारी 2022 रोजी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची महिलांची 500 मीटर शर्यत एरिन जॅक्सननं 37.04 सेकंदांत जिंकली. ती अमेरिकेतल्या फ्लोरिडातली, ओकाला गावची. तिथं ऊन आणि घोड्यांचे फार्म भरपूर, हिमवर्षाव नाही. ती वाढली चाकांच्या इनलाइन स्केटवर. 2018 च्या ऑलिंपिक संघात तिची निवड झाली तेव्हा बर्फावर येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला. 2022 च्या निवड चाचणीत मात्र तिचा पाय घसरला आणि ती तिसरी आली, जागा दोनच होत्या. तेव्हा ब्रिटनी बोवीनं स्वतःची जागा तिला दिली. बोवीही ओकालाचीच, तीही चाकांवरूनच आलेली. (पुढे बोवीलाही 500 मध्ये जागा मिळाली.)

दुसरा गैरसमज शर्यत पाहतानाचा. दोघी धावतात, पुढची जिंकली, असं आपण धरून चालतो. 400 मीटरच्या ओव्हलवर लढत असते घड्याळाशी. जोड्या एकामागून एक सुटतात आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा लावून क्रम ठरतो. त्या दिवशी जपानची मिहो ताकागी बऱ्याच आधीच्या जोडीत 37.12 ची वेळ देऊन वाट पाहत बसली होती. जॅक्सनच्या शेजारच्या लेनमध्ये ती नव्हतीच. फरक 0.08 सेकंदांचा, त्या वेगात साधारण एका मीटरचा.

आतली लेन जवळची, मग बाहेरचीवर अन्याय नाही का? नाही. पलीकडच्या सरळ पट्ट्यात दोघी लेन बदलतात, त्यामुळे 500 मध्ये प्रत्येकीला एक वळण आतून आणि एक बाहेरून मिळतं. बदलताना बाहेरून आत येणारीचा हक्क पहिला. धक्काबुक्की, बाद फेऱ्या, अंतिम रेषेवर एकदम चौघी-पाचजणी, हे सगळं शॉर्ट ट्रॅक या वेगळ्या प्रकारातलं. त्याचा फेरा फक्त 111.12 मीटरचा.

बर्फ निसरडा का असतो, याचं शाळेत ऐकलेलं उत्तर असं की पात्याच्या दाबानं तो वितळतो. रसवंतीत पोत्यात गुंडाळलेली लादी आठवा. तिच्यावर कुणी उभं नसतं, तरी हातातून निसटते. ती लादी वितळत असते हे खरं, पण शून्याच्या पुष्कळ खालच्या बर्फाच्या पृष्ठभागावरही रेणूंचा एक पातळ, सैल थर असतो. स्केटरच्या वजनानं बर्फाचा वितळणबिंदू फार तर एखाद-दुसऱ्या अंशानं खाली येतो, आणि रिंकचा बर्फ तर उणे सातच्या आसपास ठेवलेला असतो. तेव्हा मुख्य श्रेय त्या थराचं आणि घर्षणाच्या उष्णतेचं.

महिलांना हा खेळ पुरुषांनी सिद्ध केल्यावर मिळाला, हे अर्धसत्य आहे. ऑलिंपिक पदकांसाठी त्यांना 1960 पर्यंत थांबावं लागलं, आणि 5000 मीटर तर 1988 मध्ये आली. पण टाच सुटी होणारं क्लॅप स्केट, ज्यानं साऱ्या खेळाचा वेग बदलला, ते 1996-97 च्या हंगामात अव्वल पातळीवर आधी वापरलं डच महिलांनी. टोनी दे योंगनं त्यावर युरोपियन विजेतेपद जिंकलं. टाच उचलली की पातं क्षणभर बर्फावरच राहतं आणि मग 'टाक' करून परत बुटाला चिकटतं.

राहिला बर्फाचा प्रश्न. पुण्याच्या श्रुती कोतवाल भारताच्या पहिल्या महिला आइस स्पीड स्केटर म्हणून ओळखल्या जातात, आणि त्यांची सुरुवातही चाकांवरचीच. आपल्या देशात 400 मीटरची कृत्रिम बर्फाची ओव्हल आजही नाही, ही खरी अडचण. अडचण रक्तात नाही की हवामानात नाही. लेहला थंडीत खेलो इंडियाच्या शर्यती होतात. डेहराडूनचं हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेनंतर वर्षानुवर्षं बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू झालं आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिथं आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा भरली, तीही ऐन पावसाळ्यात. सोलापूरहून ते लांब आहे, पण व्हिसा लागत नाही.

सकाळच्या त्या सिमेंटवर एखादी दहा वर्षांची पोरगी वळण घेताना नीट पाहा. ती कंबरेत वाकलेली असते, डावा हात पाठीवर, आणि उजवा पाय डाव्यावरून ओलांडून पडतो. बर्फावरही हेच करावं लागतं, आणि तिथंही सगळी वळणं डावीकडेच असतात.