नगर श्रीधर्मराज

थायलंडच्या दक्षिणेस समुद्रस्नानासाठीं जाणारे प्रवासी बहुधा को सामुई बेटाकडे वळतात. मुख्य भूमीवरील नाखोन सी थम्मरात हें शांत शहर मागेंच राहतें. संस्कृतज्ञानें मात्र तें टाळूं नये. कारण त्याचें नांवच ‘नगर श्रीधर्मराज’ या शब्दांचा थाई उच्चार होय. तेथें राजरस्त्याच्या दोहों बाजूंस शिव व विष्णु यांचीं छोटीं देवालयें समोरासमोर आहेत. महाधातु विहाराच्या स्तूपास माघी पौर्णिमेला भाविक लांबच लांब वस्त्र वेढतात. शके ६९७ (इ. स. ७७५) चा संस्कृत शिलालेख याच नगराच्या ‘लिगोर’ या जुन्या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु ही देवघेव सर्वस्वीं शांततेची होती असें मानूं नये, इ. स. १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोलाच्या आरमारानें जिंकलेल्या स्थळांत ताम्रलिंग, म्हणजे येथील प्राचीन राज्य, गणलें आहे. म्हणून तेथें जाणाऱ्यानें गर्व न वाहतां, परक्यांनीं जपलेली ही ठेव नम्रपणें पाहावी.