विनामूल्य जागेचे मोल

छोटी ग्रंथालये, शाळा आणि स्थानिक इतिहास मंडळे यांना विनामूल्य वेब होस्टिंग वरदान वाटते, आणि ते अकारण नाही. सर्व्हरचे भाडे नाही, तंत्रज्ञाचा पगार नाही. ईशान्येतील एखादे ग्रंथालयही आपली ग्रंथसूची देशापुढे ठेवू शकते. त्या बदल्यात जागा बेताची मिळते, पत्त्यात सेवादात्याचे नाव येते आणि पुष्कळदा त्याच्या जाहिरातीही.

एवढे सोसता येईल. खरा धोका निराळा आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लक्षावधी लोकांनी विनामूल्य पाने उभारली. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ही सेवा बंद केली. इंटरनेट आर्काइव्ह आणि स्वयंसेवकांनी पुष्कळ पाने वाचवली, सगळी नव्हे. जिथे भाडेकरार नाही, तिथे जागा सोडण्याची मुदत मालकच ठरवतो.

१९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकनिर्मित सामग्रीही अभिलेख मानली. परंतु त्याचे बंधन मुख्यतः केंद्रीय कार्यालये, केंद्रशासित प्रदेश आणि सार्वजनिक उपक्रमांवर आहे. खासगी संस्थांचे दप्तर त्यांनीच सांभाळायचे.

म्हणून कार्यक्रमांच्या सूचनांसाठी विनामूल्य जागा जरूर वापरावी. दस्तऐवजांच्या मूळ फायली मात्र स्वतःकडे, किमान दोन ठिकाणी असाव्यात. वार्षिक शुल्क भरून डोमेन नाव तेवढे आपले घ्यावे. मग होस्टिंग बदलले तरी पत्ता बदलत नाही. फलक परक्या भिंतीवर लावता येतो. दप्तर तिथे ठेवू नये.