विंचवाचा मंत्र

आमच्या पाथर्डी तालुक्यात विंचू चावला की प्रथम ‘उतरवणारा’ शोधतात. एरवी हा माणूस चारचौघांसारखाच शेतकरी असतो. त्याच्याजवळ काही विद्या आहे, हे पाहून कळत नाही. कण्हणारा माणूस दारात आला की तो कडुनिंबाचा डहाळा हाती घेतो आणि ओठातल्या ओठात काही पुटपुटतो. शब्द मात्र कोणाला ऐकू देत नाही. माझे आजोबा असेच विंचू उतरवीत. मंत्र उघड केला तर त्याचा गुण जातो, ग्रहणात तो पुन्हा जागवावा लागतो आणि मरण्यापूर्वी एकालाच द्यायचा, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी तो मला दिला.

विद्या झाकून ठेवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मढीला कानिफनाथांची समाधी असल्याने नाथांच्या शाबरी विद्येच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. शंकरांनी पार्वतीला एकांतात सांगितलेले गुह्य माशाच्या पोटातून मच्छिंद्रनाथांनी ऐकले, अशी कथा आहे. पुढे गुरूने शिष्याच्या कानात सांगावे, ही परंपरा चालली.

आता विंचू ‘उतरतो’ कसा, ते पाहू. बहुतेक विंचवांच्या दंशाने असह्य वेदना होतात, पण त्या काही तासांनी आपोआप कमी होतात. धीर देणारा माणूस जवळ असला की भीतीही ओसरते. याचे श्रेय मंत्राला मिळते. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर ताण येतो. दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणे. अशा वेळी मंत्रात घालवलेला तास जिवावर बेततो. रोगी दगावला तर ‘वेळ भरली होती’ म्हणतात. मंत्र गुप्त असल्याने तो कोणी तपासूही शकत नाही.

याच विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी काम केले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध येथे उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. त्यांनी ते गुपित ठेवले नाही. 1982 व 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली निरीक्षणे छापली, म्हणून इतर डॉक्टरांना ती पडताळता आली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. साप-विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे.

विद्या उघडी करण्याची परंपराही आपल्याच जिल्ह्यातली आहे. गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना मिळालेला वारसा नाथांचाच. पण शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सर्वांना समजेल अशा मराठीत सांगितला. सांगितल्याने त्याचा गुण गेला नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू रात्री मुलाला घेऊन आल्या. “तुझ्या आज्याचा मंतर टाक रे बाबा,” म्हणाल्या. पोर घामाने भिजले होते, हात गार होते. मी मोटारसायकल काढली आणि आम्ही दवाखाना गाठला. पोर वाचले.

आजोबांचा मंत्र मी अजून कोणाला सांगितलेला नाही. लाल विंचवाची लक्षणे मात्र भेटेल त्याला सांगतो.